चार चकत्यांचा अहवाल

फरीदाबाद, ७ जुलै २०२४

ती. विजूताई,

तुझी पेटी काल टेम्पोतून उतरली. ब्रेकचा दांडा, पितळी घंटा, दोन बाकांच्या पाठी, सगळं धडधाकट आहे. आधी पेटीतलं पत्र वाचलं, मग सामान पाहिलं. तुझ्या कानांमुळे फोनवर बोलणं थांबलं याचं वाईट वाटतं, पण त्या निमित्ताने मी पुन्हा हाताने लिहायला लागलो. छत्तीस वर्षं मंत्रालयात फायलींवर शेरे मारले, तेही हिंदी-इंग्रजीत. तेव्हा मराठी चुकली तर तुझ्यातल्या शाळेच्या बाईंनी सांभाळून घ्यावं.

इथली हकीकत तुला तुकड्यातुकड्यांनी कळली असेल, आता सलग सांगतो. दिल्लीतल्या ट्राम बंद होऊन साठ वर्षं झाली. त्यातल्या एका गाडीचं लाकडी अंग बल्लभगढच्या पुढे एका नर्सरीत रोपं ठेवायची खोली म्हणून उभं होतं. आमच्या संग्रहालयाने ते उचलून आणलं. चाकं, सांगाडा आणि बाकीचं किडूकमिडूक तुमच्या नाशिकच्या संग्रहालयाने भंगारातून वाचवलेलं. धड इथे आणि पाय तिथे, आणि दोन्हीकडची आपल्यासारखी रिकामटेकडी माणसं मिळून त्याची एक अख्खी गाडी करणार. आमच्या शिवांगी मॅडमनी, म्हणजे संग्रहालयाच्या क्युरेटरनी, मूळ रंग शोधायचं काम माझ्यावर सोपवलंय. निवृत्त माणसाला असं काही मिळालं की तो किती ताठ चालतो ते केतकीला विचार. ती म्हणते, घरातल्या खिडक्यांचा रंग उडालाय तो बरा दिसत नाही माझ्या नवऱ्याला.

४ ऑगस्टला संग्रहालयाची समिती पाहायला येणार आहे. तोवर काहीतरी डोळ्यांत भरेल असं व्हायला हवं.

तुझा,
उल्हास


नाशिक, १९ जुलै २०२४

चि. उल्हास,

डोळ्यांत भरण्याची घाई करू नकोस. लहानपणी दिवाळीचं पार्सल आलं की दोरीची गाठ सोडवायचा धीर तुला नसायचा, टराटरा कागद फाडायचास. आत्याने कितीदा पाठीत धपाटा घातला असेल. मी आता एवढ्या लांबून घालू शकत नाही, म्हणून लिहिते.

त्या लाकडावर किती रंग चढलेत कोण जाणे. आडोशाच्या चार जागा निवड, जिथे ऊन-पाऊस पोचला नसेल. तिथे बारीक पॉलिश पेपरने रुपयाएवढी गोल जागा घास, मधोमध जास्त, कडेला कमी. मग एकाभोवती एक कडी दिसतात, दर रंगाचं एक. लाकडाला लागून असतं ते अस्तर, त्याच्या बाहेरचं कडं म्हणजे गाडीचा पहिला रंग. आम्ही याला चकती म्हणतो. चकत्या घेऊन त्यांचे फोटो काढल्याशिवाय रंग उतरवायच्या रसायनाला हात लावायचा नाही. एकदा उतरवला की गेला, परत विचारायला कुणी नाही.

बाजूच्या फळ्या अगदीच कुजलेल्या, त्या आम्ही नव्या सागात करतोय. त्यांना रंग तुझ्या अहवालावरून देणार. इथे सगळ्यांना सांगून ठेवलंय की माझा आतेभाऊ काटेकोर आहे. लाज राख म्हणजे झालं.

विजूताई


फरीदाबाद, ११ ऑगस्ट २०२४

ती. विजूताई,

सोबत अहवाल आहे. ७ आणि ८ ऑगस्टला चार ठिकाणी चकत्या घेतल्या: दोन दारांच्या मागे, एक खिडकीच्या पट्टीखाली, एक चालकाच्या बाजूला. चारही ठिकाणी मूळ रंग एकच: खाली गडद हिरवा, खिडक्यांच्या वर सायीचा. नमुन्यासाठी हिरव्या रंगाचा पत्रा पाठवतोय, त्याच्याशी जुळवून घ्यावा.

समिती ४ तारखेला येऊन गेली. उघडं सागवान पाहून अध्यक्षांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, हे तर सोनं आहे. दोन वर्तमानपत्रांत फोटो आला, त्यात मीही आहे, अर्धा.

तब्येतीला जप.

उल्हास


नाशिक, १ सप्टेंबर २०२४

चि. उल्हास,

फळ्या झाल्या. चार हात हिरवा, मध्ये प्रत्येक वेळी घासून. काल उन्हात ठेवल्या तेव्हा सगळे भोवती उभे राहून नुसते बघत होते. तुझ्या अहवालाची इथे वाहवा झाली, मी ती निर्लज्जपणे स्वतःकडे घेतली.

एकच किरकोळ गोष्ट. चालकाजवळचा लाकडी खांब आमच्याकडे आहे, तुमच्याच गाडीचा. त्याच्यावरची पितळी पट्टी काढली तर खाली लालसर काहीतरी दिसलं. आमचा प्रतीक, जो रंगकाम बघतो, तो म्हणाला बाई, हा रंग वाटतोय. मी म्हटलं, अस्तर असणार, चकत्या काय सांगतात ते अहवालात लिहिलंय. त्याने पुढे वाद घातला नाही.

विजूताई


फरीदाबाद, २२ सप्टेंबर २०२४

ती. विजूताई,

गेल्या रविवारी इथे एक गंमत झाली. दिल्लीत हिंदूराव इस्पितळाच्या मागच्या बाजूला राहणारे ज्ञानोबा पिसाळ नावाचे गृहस्थ सुनेला घेऊन मेट्रोने आले. वय एक्क्याऐंशी. वडील साताऱ्याकडचे, लढाईच्या काळात लष्कराच्या मोटारखान्यात दिल्लीला आले आणि पुढे ट्रामच्या कारखान्यात रंगारी झाले. ज्ञानोबांनी स्वतः सोळाव्या वर्षापासून तीन वर्षं वडिलांच्या हाताखाली तिथे रंग ढवळले. नंतरची नोकरी सरकारी छापखान्यात. वर्तमानपत्रातला फोटो पाहून आले होते.

शिवांगी मॅडमना घबाडच मिळालं. आठवणींची नोंद घ्यायला लगेच बसल्या, भोवती आम्ही वीसेक जण. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक. घंटेची दोरी कुठून जायची, चाक घसरू नये म्हणून वाळूची पेटी कुठे असायची, सगळं बरोबर. मग भिंतीवर तुमच्या हिरव्या फळ्यांचा फोटो होता त्याच्याकडे बघून म्हणाले, “हरा नहीं, साहेब. लाल होती. विटेसारखी लाल. बिल्कुल पक्का.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अहवाल काढून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, “काका, चार ठिकाणी घासून पाहिलंय. साठ वर्षांनी आठवण फसवते, लाकूड फसवत नाही.” लोक हसले. त्यांनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला, परत वाचला, मग चष्मा काढून म्हणाले, तुम्ही म्हणता तसंच असेल. सून, वैभवी तिचं नाव, त्यांच्याकडे जरा चमकून बघत होती.

मी काही वावगं बोललो नाही ना? पुराव्यापुढे आठवण दुय्यम, हे तूच शिकवलंस.

उल्हास


नाशिक, १३ ऑक्टोबर २०२४

चि. उल्हास,

तुझं पत्र वाचल्यापासून मला चैन नाही. प्रतीकला बोलावलं, त्याची माफी मागितली आणि त्या खांबावर दोघांनी मिळून चकती घासली. लाकडाला लागून राखी अस्तर आहे. त्याच्या बाहेर लाल. विटेसारखा. हिरवा कुठेच नाही, अगदी वरच्या थरातसुद्धा नाही.

आता दोनच शक्यता. एक तर हा खांब दुसऱ्या गाडीचा, पण त्यावरचा कोरलेला क्रमांक तुमच्या दारावरच्या क्रमांकाशी जुळतो. किंवा तुझ्या चकत्यांत काही गफलत झालीय. चकत्यांचे फोटो पाठव, म्हणजे इथे भिंगाखाली बघते. आणि त्या पिसाळांना आत्ताच कळव की अजून नक्की झालेलं नाही. फळ्या पुन्हा रंगवाव्या लागल्या तरी रंगवू, त्याचं एवढं नाही.

विजूताई


फरीदाबाद, ३ नोव्हेंबर २०२४

ती. विजूताई,

दिवाळीमुळे उत्तराला उशीर झाला. फोटो शिवांगी मॅडमच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत, त्या रजेवर. एका खांबावरून सगळं पुन्हा उकरावं असं मला वाटत नाही. खांब नंतर कधी बदललाही असेल.

आणि पिसाळांचं म्हणशील तर तो प्रश्न आपोआपच मिटलाय. मागच्या महिन्यात ते एकटे येऊन एक कागद देऊन गेले. ‘मी सांगितलेला रंग चुकीचा आहे. रंग हिरवा होता. वय झाल्यामुळे चूक झाली, क्षमा असावी. ज्ञानोबा पिसाळ.’ मॅडमनी तो त्यांच्या नोंदीला जोडून टाकला. त्यानंतर ते आलेले नाहीत.

चिवडा पाठवतोय, केतकीने केलाय.

उल्हास


नाशिक, १७ नोव्हेंबर २०२४

उल्हास,

चिवडा पोचला.

तुझी पत्रं काढून बसले होते. समितीने ४ ऑगस्टला उघडं सागवान पाहिलं असं तू लिहितोस. चकत्या तू ७ आणि ८ ऑगस्टला घेतल्यास. उघड्या लाकडावर चकती कसली घेतलीस?

मी पस्तीस वर्षं मुलांच्या प्रयोगवह्या तपासल्या. प्रयोग न करता लिहिलेली वही मला दुरून ओळखू यायची. तुझी मी ओळखली नाही, कारण ती तुझी होती. खरं काय ते लिही.

विजूताई


फरीदाबाद, ८ डिसेंबर २०२४

ती. विजूताई,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

चकत्या घेतल्याच नाहीत. तुझं पत्र २६ जुलैला मिळालं, चकत्यांसाठी दुपारही राखून ठेवली होती. पण समिती येणार, आणि गाडी म्हणजे नुसतं पोपडे आलेलं खोकं. म्हटलं, आधी एका कोपऱ्यात रसायन लावून बघू. लावलं, आणि खालून असं सुरेख सागवान निघालं की माझा हात थांबेना. दोन दिवस हातमोजे घालून एकट्याने सगळी गाडी सोलून काढली. खरवडलेला रंग कचऱ्यात गेला. आनंदात होतो मी तेव्हा, हेही सांगतो. ४ तारखेला कौतुक झालं, आणि रात्री जेवताना लक्षात आलं की आपण काय केलंय.

खिडकीच्या खोबणीत एक हिरवा कपचा राहिला होता. त्याच्यावरून चार चकत्या लिहिल्या. परवा त्या नर्सरीवाल्याला मुद्दाम जाऊन विचारलं. म्हणाला, “बाबूजी, हरा तो मैंने करवाया था. पौधों के साथ अच्छा लगता था.”

तुला वाटेल, विचारल्यावर कबूल करतोय. तसंच आहे. पण आणखी एक आहे, आणि ते तू विचारलेलं नाहीस.

मागच्या आठवड्यात वैभवी संग्रहालयात आली होती. सासऱ्यांचा तो कागद परत मिळेल का, असं विचारायला. दरवर्षी संक्रांतीला इथली मराठी मंडळी बस करून पानिपतला काला अंबच्या स्मारकाला जातात. वीस वर्षं बसमध्ये माईक हातात घेऊन सगळी लढाई ज्ञानोबाकाका सांगतात, कोण कुठून चालून आला, कोण कुठे पडला, कागदाशिवाय. यंदा त्यांनी मंडळाला नकार कळवला. म्हणाले, माझ्या सांगण्यावर भरवसा ठेवू नका, मी चुकीचं सांगतो, लिहून दिलंय तसं. दूध आणायला जाताना आता घराचा नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवतात. वैभवीने डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, या वयाला स्मरणशक्ती उत्तम आहे. काका म्हणाले, डॉक्टर भले आहेत, बोलायचं म्हणून बोलतात.

ती म्हणाली, “सर, त्या दिवसापर्यंत बाबा ठीक होते.” मी तिला पाणी आणून दिलं. खरं सांगायचं धाडस तेव्हाही झालं नाही. ताई, मी माझं चुकलेलं काम झाकायला एका माणसाचं डोकं खोटं ठरवलं, तेही वीस लोकांसमोर, आणि लोक हसले तेव्हा मला बरं वाटलं होतं.

उल्हास


नाशिक, २२ डिसेंबर २०२४

चि. उल्हास,

तुला खूप बोलायचं ठरवून बसले होते, पण माझंच तोंड कुठे मोठं आहे? प्रतीकने लाल रंग दाखवला तेव्हा मी त्याला गप्प केलं. माझ्या नात्यातल्या माणसाचा कागद मला समोरच्या लाकडापेक्षा खरा वाटला. तू एकाला गप्प केलंस, मी एकाला केलं. फरक इतकाच की प्रतीक तिशीतला आहे, त्याने मनावर घेतलं नाही.

इथे सगळ्यांना बसवून सांगितलं, तुझं आणि माझं. सोमवारपासून सगळे फळ्या घासायला लागलेत. लाल रंग जुळवायचं काम चालू आहे, फेब्रुवारीत फळ्या येतील.

आता ऐक. आधी सगळ्या स्वयंसेवकांसमोर सांग, जिथे बोलला होतास तिथेच. मग पिसाळांच्या घरी जा. फोन नको, पत्र नको, शिवांगी मॅडमना पुढे करू नकोस. तो खांब पाठवतेय, चकतीसकट. त्यांच्या हातात दे.

विजूताई


फरीदाबाद, १९ जानेवारी २०२५

ती. विजूताई,

१२ तारखेच्या रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं. लिहून नेलं होतं, पण कागद न बघता बोललो. शिवांगी मॅडमनी अहवाल रद्द केला आणि रंगाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. बरोबरच आहे. मी आता रविवारी झाडू मारतो आणि पेट्या उघडतो.

तिथून तसाच हिंदूरावला गेलो. तिसरा मजला, जिना अरुंद, खांब काखेत धरून चढलो. ज्ञानोबाकाका उन्हात बसले होते. वैभवीने चहा टाकला. मी खुर्चीवर बसलो नाही, म्हणजे बसवेना. उभ्यानेच सगळं सांगितलं. चकत्या घेतल्या नव्हत्या, कागद खोटा होता, तुम्ही म्हणालात तेच खरं, गाडी लालच होती. आणि वाकून पाया पडलो. वैभवी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या चेहऱ्याकडे मी बघू शकलो नाही.

काकांनी मला हाताला धरून उठवलं, शेजारी बसवलं. म्हणाले, “साहेब, मला बरं वाटावं म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. या पोरीने सांगितलं असेल तुम्हाला. इतकं कोण करतं आजकाल?”

मी खांब त्यांच्या हातात दिला. चकतीवर त्यांनी बोट फिरवलं, डोळ्यांजवळ नेली. मला वाटलं, आता ओळखतील. त्यांनी तो परत दिला. हे दुसऱ्या गाडीचं असेल, म्हणाले. मी क्रमांक दाखवला, तारखा सांगितल्या, नर्सरीवाल्याचं सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते, जसं आपण आजारी माणसाचं ऐकतो. मग मलाच समजावल्यासारखं म्हणाले, “हिरवीच होती. मला आता चांगलं आठवतंय. आईच्या लुगड्याला एकदा हिरवा डाग पडला होता, वडिलांच्या कपड्यांबरोबर भिजवलं म्हणून. किती भांडली होती ती.”

ताई, तो डाग मीच पाडला. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या बाईच्या लुगड्याला मी इथे बसून हिरवा रंग लावला. आता ते माझ्या हाताने निघत नाही.

संक्रांतीला बस गेली. काका गेले नाहीत. माईक दुसऱ्या कुणीतरी घेतला.

परवा पुन्हा गेलो होतो. ते झोपले होते, वैभवी जिन्यात भेटली. मी तिला म्हटलं, पुढच्या महिन्यात लाल फळ्या येतायत, उद्घाटनाला काकांना पहिल्या रांगेत बसवू, मी पुन्हा सगळ्यांसमोर सांगेन. तिला ते आवडेल असं मला वाटलं होतं.

ती म्हणाली, “बाबांनी लाल सांगितलं तेव्हा तुम्ही हिरवी दाखवलीत. आता ते हिरवी म्हणतायत तर तुम्ही लाल दाखवणार. त्यांना काय वाटेल, सर?”

मी तसाच खाली उतरलो. फळ्या लालच कर, त्यात बदल नको. पण त्या दिवशी ज्ञानोबाकाकांना आणावं की आणू नये, हे मला ठरवता येत नाही, आणि ठरवायचा हक्क माझा नाही हेही कळतं. तूच काय ते सांग.

उल्हास